घेतली का गोळी?

"आई, गोळी घेतली का?"

"घेतली गं."

गिरगावपासून बोरिवलीपर्यंत किती स्वयंपाकघरांत रोज सकाळी हा संवाद होत असेल, देव जाणे. मधुमेह असलेल्या सत्तरीतल्या माणसाच्या बाबतीत तो जवळजवळ निरुपयोगी असतो. सासूबाई खोटं बोलत नाहीत. काल घेतल्याची, परवा घेतल्याची, गेली वीस वर्षं रोज घेतल्याची आठवण त्यांच्याकडे पक्की आहे. त्या ढिगातून नेमकी आजची आठवण वेगळी काढायचं काम मेंदूचा जो भाग करतो, तोच थकला आहे. म्हणून त्या मनापासून 'घेतली' म्हणतात, सूनबाई डबा घेऊन ऑफिसला पळते, आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट वाढून आला की सगळे गोडाच्या डब्याकडे संशयाने बघतात.

मधुमेहाचा सगळा उपचार स्मरणशक्तीवर उभा आहे, ही यातली खरी अडचण. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, सुई किती युनिट, काल पोटाच्या कुठल्या बाजूला टोचली, शुगर लो झाली तर काय खायचं, हे सगळं ज्याने लक्षात ठेवायचं त्याचंच लक्षात राहणं या आजाराने कमी होतं. अशा वेळी विसरण्यावरची गोळी शोधण्यात घरचे खूप वेळ घालवतात. आधी बदलायला हवं ते प्रिस्क्रिप्शन.

मधुमेहाचा आणि विसरण्याचा हा संबंध नवा नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याच वर्षी अमेरिकेत वॉल्टर माइल्स आणि हॉवर्ड रूट यांनी मधुमेही रुग्णांच्या स्मरणाच्या आणि लक्ष देण्याच्या चाचण्या छापल्या, आणि त्या कमी भरल्या होत्या. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात टाइप २ मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास दुप्पट दिसला. मधुमेह जितक्या लहान वयात सुरू झाला तितका पुढचा धोका जास्त, हे लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल अभ्यासातून २०२१ मध्ये आलं. आपल्याकडे २०२३ साली छापलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटी १० लाख होता, आणि चाळिशीच्या आत मधुमेह लागलेले लोक आता प्रत्येक बिल्डिंगमध्ये सापडतात. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब ज्याचा त्याने मांडावा.

मधुमेहातलं विसरणं सिनेमातल्यासारखं नसतं. माणूस आपल्या मुलाला ओळखत नाही असं सुरुवातीला होत नाही. आधी वेग जातो. बँकेच्या माणसाने फोनवर पटापट सांगितलं की मागचं वाक्य समजेपर्यंत पुढचं निघून जातं. दोन कामं एकदम होत नाहीत, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता फोन आला की शिट्ट्या हरवतात. नवं काही शिकायला वेळ लागतो, नवा ग्लुकोमीटर, नवं इन्सुलिन पेन, नवा ओटीपी. जुनं मात्र तसंच राहतं. पुरणपोळीचं प्रमाण तोंडपाठ असतं, म्हणून घरच्यांना वाटतं की आईची स्मृती उत्तम आहे, फक्त हल्ली लक्ष देत नाही. कारणं बरीच आहेत आणि एकमेकांत गुंतलेली. बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन मेंदूच्या आतल्या भागात चिमुकले घाव पडतात, इन्सुलिनचा परिणाम मेंदूतही बोथट होतो, रक्तदाब त्यात भर घालतो. या सगळ्यापेक्षा जास्त बोलायला हवं ते शुगर लो होण्याबद्दल, कारण हे नुकसान बऱ्याच अंशी आपल्याच हाताने होतं आणि आपल्याच हाताने थांबवता येतं.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण बसल्या जागी शरीराची २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो. ग्लुकोजचा साठा त्याच्याकडे नाहीच म्हणा. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की सावध व्हायचं, ५४ च्या खाली गेली की मेंदूचं काम बिघडतंच. नव्या आठवणी मांडून ठेवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग साखर तुटली की सगळ्यात आधी मार खाणाऱ्यांपैकी. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या १६,६६७ मधुमेही रुग्णांच्या नोंदींवरून दिसलं की दवाखान्यात न्यावं लागेल इतकी शुगर ज्यांची कधीतरी उतरली होती त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश जास्त होता, आणि असे प्रसंग जितके जास्त तितका धोका वाढत गेला. हे दोन्ही बाजूंनी चालतं. शुगर उतरल्याने स्मृती जाते, आणि स्मृती गेल्याने शुगर उतरते, कारण माणूस गोळी दोनदा घेतो किंवा गोळी घेऊन जेवायचंच विसरतो.

तरुण माणसाला शुगर लो झाली की हात थरथरतात, छातीत धडधडतं, घाम फुटतो. वय वाढतं तशी ही धोक्याची घंटा बारीक होत जाते. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल किंवा प्रोप्रानोलॉलसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, उरतो तो घाम. आणि मुंबईत मे महिन्यात घाम कुणाला येत नाही? म्हणून म्हाताऱ्या माणसात शुगर लो झाल्याचं दिसतं ते वेगळ्याच रूपात. दुपारी चार वाजता बाबा अचानक चिडतात, चहात मीठ घालतात, असंबद्ध बोलतात, चालताना तोल जातो, आणि घरचे म्हणतात, वय झालं. वय चार ते साडेचार एवढ्या वेळातच होत नाही. गोंधळ ठराविक वेळेला येत असेल, आणि काही गोड खाल्ल्यावर जात असेल, तर तो म्हातारपणाचा नव्हे. रात्रीचं ओळखणं आणखी कठीण. भिजलेली उशी, वाईट स्वप्नं, सकाळी जड डोकं. अशा घरात आठवड्यातून एखाद्या रात्री दोन-तीनच्या सुमारास उठून एकदा बोट टोचून बघावं. ज्यांना परवडेल त्यांनी दंडावरचा, साखर सतत मोजणारा चौदा दिवसांचा सेन्सर एकदा तरी लावून घ्यावा, रात्रीचं सगळं कागदावर येतं.

बोट टोचायचं तेही नीट. हात साबणाने धुऊन, कोरडे पुसून. हापूस चिरल्यावर किंवा खाल्ल्यावर तसंच बोट टोचलं तर मीटर ६० च्या जागी १६० सुद्धा दाखवू शकतो, कारण त्यात बोटावरची साखर मिसळते. धुवायला पाणी जवळ नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा वापरा. स्ट्रिपची डबी पावसाळ्यात क्षणभरही उघडी ठेवायची नाही, मुंबईच्या दमट हवेत पट्ट्या खराब होतात आणि आकडे भलतेच येतात. फ्रिजच्या डोक्यावर ऊब असते, तिथेही ती डबी नको.

लो सापडली तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. १५ ग्रॅम म्हणजे ग्लुकोज पावडरचे तीन-चार सपाट चमचे अर्ध्या पेल्या पाण्यात. घरातली साखरही चालते, पण एक मोठा अपवाद आहे. गोळीत व्होग्लिबोज किंवा अॅकार्बोज असेल तर साधी साखर आतड्यात लवकर फुटत नाही, तिथे ग्लुकोजच हवं. तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या आपल्याकडे खूप खपतात आणि त्यातलं तिसरं बहुधा हेच असतं, तेव्हा पाकिटावरचं बारीक अक्षर एकदा वाचा. पेढा, बर्फी, चॉकलेट देऊ नका, त्यातल्या तुपाने आणि चरबीने साखर उशिरा चढते. सावरल्यावर पोळी किंवा दूध-बिस्कीट खायला द्या. माणूस गिळू शकत नसेल, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडच्या गोळीने उतरलेली शुगर एकदा चढून पुन्हा उतरते, चोवीस तास उलटल्यावरसुद्धा, आणि किडनी कमजोर असेल तर जास्तच. बरं वाटलं म्हणून अशा माणसाला एकटं सोडू नका.

आता मुंबईतल्या घरांच्या दोन सवयी. त्यांच्याबद्दल कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

पहिली, मुलगा आल्याशिवाय आई जेवत नाही. साडेसातला तिने सुई घेतली, कारण डॉक्टरांनी 'रात्रीच्या जेवणाआधी' सांगितलं आहे आणि रात्रीचं जेवण आठला. मुलगा दादरला फलाटावर उभा, गाड्या अर्धा तास मागे, त्यात जुलैचा पाऊस. साडेनऊला तो घरात येतो तेव्हा आई कुणाशी तरी भांडल्यासारखी बसलेली. तयार मिश्रणाचं इन्सुलिन टोचल्यावर अर्ध्या तासात ताट समोर यायला हवं. मुलाची वाट बघायचीच असेल तर सुईनेही वाट बघायची. ताट वाढल्यावर, पहिला घास समोर दिसत असताना सुई घ्यायची. डॉक्टरांकडे गेल्यावर "घरात रात्रीचं जेवण कधी नऊ, कधी साडेदहा" हे स्पष्ट सांगायला हवं. कोणी सांगत नाही, कारण डॉक्टर रागावतील असं वाटतं.

दुसरी, संकष्टी. दिवसभर उपास, चंद्रोदय कधी रात्री साडेआठला, कधी साडेनऊच्या पुढे, आणि सकाळची गोळी मात्र 'औषध आहे, चुकवायचं नाही' म्हणून घेतलेली. ती गोळी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर दुपारी शुगर घसरणारच, पोटात काही नसलं तरी ती गोळी स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढतेच. मग साबुदाण्याची खिचडी खाल्ली की शुगर तीनशेला. एका दिवसात मेंदूने दोन्ही टोकं पाहिली. उपास सोडा असं म्हणून उपयोग नाही, सोडत नाहीत. त्यापेक्षा महिन्याची चतुर्थी आणि एकादशी कॅलेंडरवर आधीच दिसते, त्या दिवशी कुठली गोळी गाळायची, कुठली रात्रीवर ढकलायची, हे डॉक्टरांकडून त्याच कॅलेंडरच्या चौकटीत लिहून घ्यावं. मेटफॉर्मिन आणि सिटाग्लिप्टिनसारख्या 'ग्लिप्टिन' गोळ्या एकट्याने सहसा शुगर लो करत नाहीत. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी निर्जळी उपासाला धोक्याची, तिचं वेगळं विचारा.

तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, किती हवी यावर घराघरांत हट्ट असतो. सात म्हणजे साताच्या आत. चाळिशीच्या माणसाला हे ठीक. ज्याला विसरायला होतंय, दोन-तीन आजार आहेत, त्याला आठच्या आत चालतं, असं अमेरिकन डायबेटीस असोसिएशनसुद्धा म्हणते. अशा माणसाची उपाशीपोटी ९० ते १५० आणि झोपताना १०० ते १८० पुरे. कडक नियंत्रणाने स्मृती वाचते का, हे अकॉर्ड नावाच्या मोठ्या चाचणीत तपासलं होतं. एका गटाची एचबीएवनसी सहाच्या खाली आणायचा प्रयत्न, दुसऱ्याची सात ते आठच्या मध्ये. चाळीस महिन्यांनी मेंदूचं आकारमान कडक गटात किंचित कमी घटलं होतं, पण स्मरणाच्या चाचण्यांत काही फरक नव्हता, आणि त्या गटात मृत्यू जास्त झाल्याने २००८ मध्ये तो कडकपणा मध्येच थांबवावा लागला. याचा अर्थ साखर तीनशेवर राहू द्यावी असा नाही. २७० च्या वर बऱ्याच जणांची विचाराची गती मंदावते, साधी वजाबाकी अडते, चिडचिड होते. शिवाय सात ही सरासरी आहे, साधारण १५४ ची. रोज ५० आणि २६० असा झोका घेणाऱ्याचीही ती सातच येईल.

पण या सगळ्याच्या आधी एक काम आहे आणि ते पिशवीतून सुरू होतं. घरातल्या सगळ्या औषधांची पाकिटं, मळमसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर उपडी करायची. पाय जळतात म्हणून रात्री अॅमिट्रिप्टिलिन चालू आहे का? मधुमेहाच्या नसांच्या दुखण्यावर ती स्वस्त आणि गुणकारी गोळी आहे, आणि साठीनंतर स्मृतीवर धुकं आणणाऱ्या गोळ्यांत तिचा नंबर फार वरचा. प्रीगाबालिन, गॅबापेंटिन गुंगी आणतात. वारंवार लघवीला लागतं म्हणून ऑक्सिब्युटिनिन, झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, सर्दी झाली म्हणून केमिस्टकडून आणलेली क्लोरफेनिरामिनवाली गोळी. एकेक लिहिणारा डॉक्टर वेगळा, एकेकाचं कारण बरोबर, आणि सगळ्या एकाच डोक्यात. यातली झोपेची गोळी एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवायची. बाकीच्यांनाही डॉक्टरांकडे पर्याय असतात. एवढ्यानेच महिन्याभरात माणूस 'जागा' झाल्याचं घरच्यांना जाणवू शकतं.

मग बी-१२ हे जीवनसत्त्व. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या आतड्यात बी-१२ नीट शोषलं जात नाही, आणि शाकाहारी ताटात ते मुळातच दुधा-ताकापुरतं. कमी पडलं की विसरायला होतं, पाय बधिर होतात, तोल जातो. हे सगळं मधुमेहाच्या खात्यावर जमा होतं आणि तपासणी राहून जाते. २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता नक्की, २०० ते ३०० च्या मध्ये संशय, आणि लक्षणं असतील तर उपचार करून बघण्यात शहाणपण. सुरुवातीला १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं, नंतर त्याच ताकदीच्या गोळ्या, असा साधारण क्रम. 'मल्टिव्हिटॅमिन घेतो की' याने भागत नाही, त्यातलं प्रमाण तुटपुंजं असतं. मेटफॉर्मिन मात्र या भीतीने स्वतःहून बंद करू नये. थायरॉइड, उदासपणा, घोरत मध्येच श्वास अडकणं, कानाला कमी ऐकू येणं, मोतीबिंदू, हेही एकेकदा बघून घ्यायचं. ज्याला नीट ऐकूच आलं नाही तो विसरला असं कसं म्हणणार?

स्मृतीची चाचणी कधी घ्यायची यालाही अर्थ आहे. शुगर ५५ असताना किंवा ३५० असताना घेतलेली चाचणी शुगरची असते. आधी बोट टोचा, साखर ठीक असेल तरच पुढे जा. सगळ्यात छोटी चाचणी मिनी-कॉग. तीन साधे शब्द सांगायचे, घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगायचं, मग ते तीन शब्द विचारायचे. शब्दांचे तीन, घड्याळाचे दोन, पाचपैकी तीनपेक्षा कमी आले तर पुढची तपासणी. लांब चाचणी मोका, तीस गुणांची, मराठीतही आहे. पण चौथीपर्यंत शिकलेल्या आणि पन्नास वर्षं भाजीचा धंदा केलेल्या बाईला मोकातला घनाकृती ठोकळा काढायला लावून काय कळणार? तिला पाचशेची नोट दिली तर सुटे बरोबर परत देते का, नेहमीच्या स्टॉपवर उतरते का, पोळ्यांचा अंदाज चुकायला लागलाय का, हे घरच्यांना विचारलं तर जास्त कळतं. पासष्टीनंतर वर्षातून एकदा हे तपासावं. केईएम, नायर, सायनसारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मेंदूविकाराचा विभाग आहे, पण तिथल्या गर्दीत तीन मिनिटं मिळतात. आधी लिहून नेलेलं अर्धं पान तिथे कामाला येतं. काय बदललं, कधीपासून, दिवसाच्या कुठल्या वेळी.

आता प्रिस्क्रिप्शन हलकं करण्याबद्दल. दिवसातून चार सुया असतील तर त्यांची एक होते का ते विचारा, सकाळी, घरात माणूस असताना. ग्लिमेपिराइडसारखी शुगर खाली खेचणारी गोळी काढून तिच्या जागी लिनाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन किंवा व्हिल्डाग्लिप्टिन बसते का? पेटंट संपल्यापासून या गोळ्या स्वस्त झाल्या आहेत. सहा वेळा सहा गोळ्यांऐवजी दोन वेळा, दोन्ही खाण्याला बांधलेल्या. औषध घड्याळाला बांधलं की विसरतं, चहाच्या कपाला बांधलं की राहतं.

सुईचं म्हणाल तर एक चूक जीवघेणी आहे. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० च्या ताकदीचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनचं कार्ट्रिज आणि काही बाटल्या १०० च्या, त्यांची सिरिंज केशरी टोपीची. ४० चं इन्सुलिन केशरी सिरिंजने वीसच्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात आठच युनिट जातात. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने वीसपर्यंत भरलं तर पन्नास. केमिस्टने 'तेच आहे काकू, फक्त कंपनी वेगळी' म्हणून बाटली बदलून दिली की बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग दोन्ही मोठ्याने वाचून घ्या. आणि ज्याची नजर कमी झाली आहे त्याला पेन द्या. नवी सुई, दोन युनिट हवेत सोडून थेंब दिसला का बघायचं, टोचून बटण पूर्ण दाबायचं, दहापर्यंत मोजायचं, मग काढायची. ढगाळ इन्सुलिन असेल तर आधी तळहातांत दहा वेळा लाटायचं, दहा वेळा उलटं-सुलटं करायचं. विसराळू माणूस ज्या जागी दुखत नाही त्याच जागी रोज टोचतो आणि तिथे गादीसारखी गाठ होते. तिथून इन्सुलिन लहरीप्रमाणे झिरपतं. महिन्यातून एकदा पोटावर हात फिरवून बघा. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागाल त्या आठवड्यात शुगर जास्त वेळा तपासा, तेवढाच डोस आता जास्त पडेल.

हे पेन शिकवायचं कसं? इथे 'मेमरी ट्रेनिंग'चे कोडी सोडवण्याचे खेळ फारसे उपयोगाचे नाहीत, कोडं सोडवणारा कोडं सोडवण्यातच तरबेज होतो. त्यापेक्षा साध्या दोन रीती चांगल्या आहेत. एक, चुकू द्यायचंच नाही. 'आठवून बघा बरं' म्हणत अंदाज करायला लावला की चुकीचा अंदाजच डोक्यात बसतो. उत्तर आधी आपण सांगायचं, मग त्यांनी करायचं. दुसरी, अंतर वाढवत विचारणं. "गोळीचा डबा कुठे?" "मिक्सरच्या बाजूला." एवढं एकच शिकवायचं. लगेच विचारा, मग अर्ध्या मिनिटाने, एक मिनिटाने, दोन, चार, आठ, मध्ये भाजी निवडत इकडच्या तिकडच्या गप्पा. अडले तर परीक्षा घ्यायची नाही. उत्तर सांगा, त्यांच्याकडून वदवा, आणि मागच्या जमलेल्या अंतरावर या. दुसऱ्या दिवशी सुरुवातीलाच तो प्रश्न. सौम्य स्मृतिभ्रंशातसुद्धा अशा रीतीने एखादी गोष्ट आठवडाभरात बसू शकते, कारण ती सवयीच्या खात्यात जाते. अट इतकीच की डबा मग मिक्सरच्या बाजूलाच राहिला पाहिजे. दिवाळीच्या साफसफाईत तो हलवला की सगळं शिकवणं पाण्यात.

मुलांचं थोडक्यात, कारण तिथे उपाय सोपे आणि अडचण मोठ्यांची. टाइप १ असलेलं मूल मठ्ठ नसतं. पण परीक्षेच्या दिवशी शुगर ६० किंवा ३०० असेल तर त्याच डोक्यातलं गणित बाहेर येत नाही. पेपरच्या अर्धा तास आधी तपासा, ग्लुकोज खिशात ठेवा. सीबीएसईने २०१७ पासून दहावी-बारावीच्या मुलांना गोड गोळ्या, फळ, पाण्याची छोटी बाटली वर्गात नेऊ द्यायला सुरुवात केली. इतर बोर्डांसाठी डॉक्टरांचं पत्र जोडून शाळेमार्फत लेखी परवानगी काढून ठेवा, पेपरच्या सकाळी पर्यवेक्षकाशी वाद घालत बसू नका.

औषधांकडून काय आशा? मधुमेहाच्या विसरण्यावर अशी खास गोळी नाही. स्मृतिभ्रंशावरची डोनेपेझिल ही गोळी अल्झायमरचं निदान असेल तर, आणि तिने भूक मेली, नाडी मंद झाली तर लक्ष ठेवायचं, कारण भूक मेली की पुन्हा शुगरचा प्रश्न. नाकातून इन्सुलिन देऊन पाहिलं, २०२० मध्ये छापलेल्या मोठ्या चाचणीत फायदा नाही. सध्या वजन कमी करणारं म्हणून गाजणारं सेमाग्लुटाइड, त्याच्या गोळीनेही अल्झायमरची घसरण थांबली नाही असं नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं. अल्झायमरला 'टाइप ३ डायबेटीस' म्हणतात ना, ते नाव काही संशोधकांनी २००५ मध्ये सुचवलेलं. निदानाच्या कागदावर ते कुणी लिहीत नाही आणि त्या नावाने विकली जाणारी पावडर घेऊ नये. फिनलंडमधल्या १,२६० जणांच्या अभ्यासात आहार, व्यायाम, मेंदूला काम आणि रक्तदाबावर लक्ष असं सगळं मिळून दोन वर्षं केल्यावर थोडा पण खरा फायदा दिसला होता. शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारून कट्ट्यावर वडापाव खाणं यात मोडत नाही.

आता पुन्हा तो डबा. आठवड्याचा, सकाळ-संध्याकाळच्या खणांचा, कुठल्याही केमिस्टकडे मिळतो. रविवारी रात्री घरातल्या एकाने भरायचा, दर वेळी तोच माणूस. पावसाळ्यात एकाच आठवड्याचा, पाकिटातून काढलेल्या गोळ्यांना ओल लागते. पाकीट कात्रीने कापून तुकडे टाकू नका, म्हातारी माणसं वेष्टनासकट गिळतात. मग सकाळी विचारायचं काही उरत नाही, मंगळवारचा खण रिकामा आहे की भरलेला एवढंच बघायचं.

आणि डबा सुरू करायच्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्या अर्धवट पाकिटांतल्या गोळ्या मोजा. महिन्याच्या नव्वदांपैकी पंचेचाळीस उरल्या असतील तर गेले वर्षभर डॉक्टर एका गैरसमजावर डोस वाढवत आले आहेत. रिपोर्ट जास्त, म्हणून गोळी एकची दोन, दोनची तीन, प्रत्यक्षात पोटात गेली दीड. उद्यापासून सून तीनच्या तीन न चुकता देणार. तिच्या प्रेमाचा आणि शिस्तीचा तो पहिला आठवडा त्या घरातला सगळ्यात धोक्याचा असतो. म्हणून उरलेल्या गोळ्यांचा आकडा आधी डॉक्टरांना कळवा, 'आता सगळं आम्ही देणार आहोत, डोस कमी करून द्या' असं सांगा, आणि पहिले सात दिवस सकाळी, संध्याकाळी जेवणाआधी आणि झोपताना बोट टोचून वहीत लिहा.

"आई, बोट द्या."

"परवाच तर तपासलं गं."

सकाळचंच होतं ते. वहीत वेळ लिहिली आहे, आठ वाजून दहा मिनिटं.